सुई देणारं सरकार, सुई पकडणारं सरकार

संसदेनं 2017 साली केलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यातलं बाविसावं कलम बातम्यांत सहसा येत नाही. एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी केलेला उपाय दुसऱ्या कोणत्याही कायद्याखाली गुन्हा धरला जाणार नाही, असं ते सांगतं; आणि शंकेला जागा राहू नये म्हणून खाली उदाहरणंही देतं. त्यातल्या एका उदाहरणात 'क्ष' हा कार्यकर्ता नशेचं इंजेक्शन घेणाऱ्या 'य'कडून वापरलेली सुई परत घेतो आणि त्याला कोरी सुई देतो. दुसऱ्या उदाहरणात अशाच एका माणसाला नशेच्या जागी औषधाचा डोस दिला जातो. देणारा असो की घेणारा, कुणालाच यासाठी जबाबदार धरता येणार नाही, असं कायदाच म्हणतो. हा कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. आणि 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, तोही लागू आहे. त्याच्या सत्ताविसाव्या कलमानुसार नुसतं सेवन हासुद्धा गुन्हा आहे: हेरॉइन, कोकेन, मॉर्फीनसाठी एक वर्षापर्यंत कैद, इतर बहुतेक पदार्थांसाठी सहा महिन्यांपर्यंत. म्हणजे 'य'ला सुई घेतल्याबद्दल हात लावता येत नाही, टोचून घेतल्याबद्दल मात्र लावता येतो.

सुया देण्यासारख्या उपायांनी अमली पदार्थांमुळे होणारी हानी कमी करण्याचं धोरण म्हणजे काहीतरी परदेशी खूळ आहे, नशेबाजांना मोकळं रान द्यायची युक्ती आहे, हा समज आपल्याकडे चांगला रुजलेला आहे. प्रत्यक्षात भारत सरकारचा आरोग्य विभाग हे धोरण पाव शतकाहून अधिक काळ राबवतो आहे. फक्त त्याबद्दल मोठ्यानं बोलत नाही. त्यामुळे आपली सगळी चर्चा 'कडक की मवाळ' या एकाच प्रश्नाभोवती घोटाळत राहते. मला वाटतं तो प्रश्नच चुकीचा आहे. विचारायला हवं ते हे की धोरणाचं यश मोजायचं कशात: किती किलो माल पकडला आणि किती जणांना अटक झाली यात, की किती जण अतिमात्रेनं मेले, किती जणांना एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस सी झाला, किती जण उपचारात टिकले यात? पहिलं मोजमाप सोपं आहे आणि पत्रकार परिषदेत टेबलावर मांडून दाखवता येतं. दुसरं किचकट आहे. पण ज्या घरातला मुलगा गर्द ओढतो त्या घराच्या कामाचं तेच आहे.

सगळ्यात जास्त राग येतो तो सुयांच्या वाटपाचा. 'सरकारी पैशानं नशेला खतपाणी' असं म्हणणाऱ्यांनी मणिपूरची हकीकत वाचावी. ब्रह्मदेशाच्या सीमेवरून उतरणारं स्वस्त हेरॉइन तिथं ऐंशीच्या दशकात घराघरांत शिरलं. एकाच सिरिंजवर चार-पाच जण भागवायचे, कारण दुकानदार सिरिंज द्यायला नकार द्यायचे आणि खिशात सिरिंज सापडली की पोलीस धरायचे. 1989-90 मध्ये इंजेक्शन घेणाऱ्यांत एचआयव्ही पहिल्यांदा आढळला आणि काही महिन्यांतच तपासलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास बाधित निघाले. कायदा तेव्हाही कडकच होता. 1996 साली मणिपूरनं देशात पहिलं राज्य-एड्स-धोरण स्वीकारलं आणि त्यात सुई बदलून देण्याला जागा दिली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिथल्या इंजेक्शन घेणाऱ्यांत सत्तर टक्क्यांच्या वर असलेलं लागणीचं प्रमाण 2010 च्या सुमारास त्याच्या निम्म्याहूनही बरंच खाली आलं होतं. हे एकट्या सुयांचं श्रेय नाही. चाचण्या वाढल्या, औषधं आली, आणि दुर्दैवानं आधी बाधित झालेले पुष्कळ जण वारले. तरी दिशा स्पष्ट आहे, आणि बाहेरचा पुरावाही तीच दाखवतो. 1997 साली 'लॅन्सेट'मध्ये 81 शहरांची तुलना छापून आली. सुई बदलून देणाऱ्या 29 शहरांत इंजेक्शन घेणाऱ्यांमधलं एचआयव्हीचं प्रमाण वर्षाला सरासरी 5.8 टक्क्यांनी घटत होतं. न देणाऱ्या 52 शहरांत ते 5.9 टक्क्यांनी वाढत होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2004 साली तोवरचे सगळे अभ्यास चाळले, तेव्हा सुया मिळतात म्हणून नशा वाढली असा विश्वासार्ह पुरावा त्यांना सापडला नाही.

तो सापडण्यासारखा नव्हताच. सिरिंज ही काही रुपयांची वस्तू आहे. ती फुकट मिळते म्हणून कुणी हेरॉइन टोचायला लागत नाही. प्रश्न आधीच टोचणाऱ्याचा आहे. त्याच्या बाबतीत सुई ही निमित्त असते. वस्तीत फिरणारा कार्यकर्ता, जो बहुतेक वेळा स्वतः या व्यसनातून गेलेला असतो, वापरलेल्या सुया आरपार न जाणाऱ्या जाड डब्यात टाकायला लावतो, कोऱ्या मोजून देतो, वहीत नोंद करतो. देता देता दंडावरचं गळू बघतो, मलमपट्टीला चल म्हणतो, रक्त तपासून घे म्हणतो. पोलीस आणि माल विकणारा यांच्याखेरीज कुणाशीच ज्याचा संबंध उरलेला नाही, अशा माणसाशी आरोग्य खात्याची गाठ पडते ती इथं. आणि ही गाठ त्याच्यापुरती राहत नाही. त्याला बायको असते, पुढे मूल होतं. देशात प्रौढ लोकसंख्येत एचआयव्हीचं प्रमाण 0.2 टक्क्यांच्या आसपास आहे. इंजेक्शन घेणाऱ्यांत 2021 च्या सरकारी पाहणीत ते 9 टक्के होतं. व्यसनी माणसाविषयी काडीची सहानुभूती नसलेल्यालासुद्धा हे दोन आकडे शेजारी ठेवून विचार करावा लागेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो घेणाऱ्यांत बरेच शहाणे लोक असतात: एक नशा सोडवून दुसरी लावायची, यात कसली आली व्यसनमुक्ती? रोख आहे तो ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथॅडोन या औषधांवर. 'नाको'नं, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनं, आपल्या तिसऱ्या टप्प्यात, 2007 नंतर, हे उपचार स्वतःच्या कार्यक्रमात घेतले. आज देशात अशी दोनशेहून अधिक ओएसटी, म्हणजे नशेच्या जागी बदली औषध देणारी, केंद्रं आहेत, बरीचशी सरकारी रुग्णालयांत. तिथं काय चालतं ते पाहिलं तर आक्षेपातला अर्धा दम निघून जातो. रुग्ण खिडकीशी येतो, नर्स गोळीचा चुरा करून त्याच्या जिभेखाली ठेवते, आणि तो विरघळेपर्यंत त्याला तिच्या नजरेसमोर बसावं लागतं. पाच-दहा मिनिटं बोलायचं नाही, गिळायचं नाही. मग तोंड उघडून दाखवायचं आणि कामावर जायचं. ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतल्या त्याच जागांना चिकटतं जिथं हेरॉइन चिकटतं, पण त्या पुरत्या चेतवत नाही. एका मर्यादेनंतर डोस वाढवला तरी परिणाम वाढत नाही, म्हणून श्वास बंद पडण्याचा धोका हेरॉइनपेक्षा खूप कमी. अंगदुखी, जुलाब, तळमळ थांबते आणि झिंग मात्र चढत नाही. माणूस दर सहा-आठ तासांनी पैशासाठी आणि पुडीसाठी धावायचा थांबतो. ज्याला आपण व्यसन म्हणतो त्यातला फार मोठा भाग म्हणजे ही धावपळच असते.

यावर उलट प्रश्न येतो की या गोळ्या बाहेर विकल्या जातात त्याचं काय. जातात. ब्युप्रेनॉर्फिनची इंजेक्शनं नशेसाठी वापरली गेल्याचा इतिहास आपल्याच देशात आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. गोळीचा चुरा करून समोर बसवण्याची कटकट त्याचसाठी आहे. पंजाबनं 2017 च्या ऑक्टोबरपासून उघडलेल्या सरकारी बाह्यरुग्ण केंद्रांमध्ये ब्युप्रेनॉर्फिनची नॅलॉक्सोन मिसळलेली गोळी देतात तेही त्याचसाठी: ती विरघळवून टोचली तर झिंग येण्याऐवजी हाल होतात. गळती शून्यावर येत नाही. पण गळतीचं नुकसान एका पारड्यात घालायचं असेल तर दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघायला हवं. 2017 साली 'बीएमजे'मध्ये अनेक देशांतल्या अभ्यासांची एकत्रित मांडणी आली. मेथॅडोन घेत असताना मृत्यूचं प्रमाण वर्षाला हजारी 11.3 होतं, उपचार सुटल्यावर तेच हजारी 36.1. ब्युप्रेनॉर्फिनच्या बाबतीत 4.3 आणि 9.5. मृत्यूचं प्रमाण निम्म्या-तिसऱ्या हिश्शावर आणणारं औषध दुसऱ्या कोणत्याही आजारावर मिळालं असतं तर 'पण ही सवय कधी सुटणार?' असं आपण इतक्या घाईनं विचारलं नसतं.

महाराष्ट्रात व्यसनमुक्ती म्हटलं की डोळ्यांसमोर पुण्याचं मुक्तांगण येतं. 1986 साली अनिल आणि सुनंदा अवचटांनी उभं केलेलं ते काम इतकं मोठं आहे की भरती होणं, काही आठवडे राहणं आणि कायमचं सोडणं हाच उपचाराचा एकमेव नमुना आहे असं आपण धरून चालतो. ज्यांना तो लागू पडतो त्यांच्यासाठी त्याहून चांगलं काही नाही. घोळ सुरू होतो तो 'कुठंतरी कोंडून ठेवा, आपोआप सुटेल' या त्याच्या विकृत नकलेपासून. कुलूपबंद केंद्र असो की तुरुंग, अफूवर्गीय पदार्थ काही आठवडे सुटले की शरीराची सहनशक्ती उतरते. मनाची ओढ तशीच असते. बाहेर पडल्यावर माणूस जुन्या मापानं टोचतो आणि ते माप आता जीवघेणं ठरतं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या तीस हजारांवर लोकांचा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला: सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेनं मरण्याचा धोका राज्यातल्या इतर लोकांच्या 129 पट होता. शिक्षा भोगून सुटलेला माणूस पंधरा दिवसांत जातो आणि कागदावर मात्र तो यशस्वी कारवाईतला एक आकडा म्हणून राहतो.

आणि कोंडायचं म्हटलं तरी कोंडणार किती जणांना? केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी 'एम्स'नं केलेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार अफूवर्गीय पदार्थांच्या वापरामुळे मदतीची गरज असलेले लोक देशात सुमारे 77 लाख आहेत. त्यांतले निम्म्याहून अधिक मोजक्या राज्यांत राहतात आणि त्या यादीत महाराष्ट्र आहे. इंजेक्शननं नशा करणारे सुमारे साडेआठ लाख. बेकायदा पदार्थांवर अवलंबून असलेल्या वीस जणांमागे एकाला कधीतरी रुग्णालयात भरती होऊन उपचार मिळालेले. 'नाको'च्या ओएसटी केंद्रांत नोंद असलेल्यांची संख्या अजून लाखाच्या आतच आहे. थोडक्यात, मवाळ धोरण आपल्याकडे फसलेलं नाही. ते पुरेसं करून पाहिलेलंच नाही.

कडक धोरण मात्र भरपूर करून पाहिलं आहे. 1985 च्या मूळ कायद्यात बहुतेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षं होती, मग माल थोडा असो की ट्रकभर. 1989 साली काही गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास सक्तीची फाशी आली. 2001 साली प्रमाणानुसार शिक्षा ठरली: हेरॉइन पाच ग्रॅमपर्यंत अल्प, गांजा एक किलोपर्यंत अल्प, वगैरे. फाशीची सक्ती 2011 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं घटनाबाह्य ठरवली आणि 2014 च्या दुरुस्तीत ती न्यायाधीशाच्या विवेकावर सोपवली गेली. या चाळीस वर्षांत मुंबईच्या रस्त्यावर ब्राऊन शुगर होतीच, तिच्या जोडीला एमडी, म्हणजे मेफेड्रोन, आली. मेफेड्रोनचा समावेश कायद्यात 2015 साली झाला, तोवर ते घरोघर पोचलं होतं. कायदा नसता तर काय झालं असतं, हा प्रतिप्रश्न रास्त आहे. व्यापार करणाऱ्यांवर कडक कायदा हवाच. हानी कमी करण्याचं धोरण त्याच्या आड कुठंच येत नाही. वाद आहे तो वापरणाऱ्यापुरता.

तिथंही आपला कायदा समजतो तितका आंधळा नाही. चौसष्ट-अ हे कलम सांगतं की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनाधीन माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला आणि त्यानं ते पुरे केले, तर त्याच्यावर खटला चालणार नाही. एकोणचाळिसावं कलम न्यायालयाला शिक्षेऐवजी उपचाराला पाठवायची मुभा देतं. अडचण दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे अटक झालेल्याला हे कुणी सांगत नाही. दंड भरून गुन्हा कबूल करणं झटपट असतं, आणि मग नावापुढे शिक्षा लागते ती लागतेच. दुसरी अडचण विचित्र आहे. ही सवलत व्यसनाधीनासाठी आहे. ज्याला व्यसन लागलेलंच नाही, मित्रांच्या नादानं एकदा ओढली आणि सापडला, त्या एकोणीस वर्षांच्या पोराला ती मिळवायची तर आधी आपण व्यसनी आहोत असं सिद्ध करावं लागेल. 2021 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या क्रूझ जहाजावरच्या अमली पदार्थांच्या छाप्यावर वाहिन्या रात्रंदिवस ओरडत होत्या, त्याच महिन्यात सामाजिक न्याय मंत्रालयानं वैयक्तिक वापरासाठी तुरुंगाऐवजी उपचार असावेत अशी शिफारस केल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्यावर चर्चा किती झाली हे वाचकांना आठवत असेलच.

या टप्प्यावर पोर्तुगालचं नाव निघतं, आणि त्याबरोबर 'त्यांनी ड्रग्ज कायदेशीर केले' हा गैरसमजही. त्यांनी तसं काही केलेलं नाही. 1 जुलै 2001 पासून तिथं दहा दिवसांच्या वैयक्तिक वापराइतका साठा बाळगणं हा फौजदारी गुन्हा राहिला नाही. तो प्रशासकीय नियमभंग झाला. माल आजही जप्त होतो, विक्री आजही गुन्हा आहे. पकडलेल्या माणसाला तीन सदस्यांच्या आयोगापुढे जावं लागतं, जिथं कायद्याबरोबर आरोग्य किंवा समाजकार्य जाणणारे लोक असतात. पहिल्यांदाच आलेला आणि व्यसन नसलेला असेल तर बहुधा प्रकरण स्थगित ठेवून समज देतात. व्यसन असेल तर उपचाराचा रस्ता दाखवतात. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एक कोटी वस्तीच्या त्या देशात शंभरातला एक जण हेरॉइनच्या फेऱ्यात होता. इंजेक्शनमुळे एचआयव्ही झालेल्यांची वर्षाला हजाराच्या घरातली नवी संख्या 2010 च्या दशकाच्या शेवटाला दोन आकडी उरली. पण याचं कारण नुसता बदललेला कायदा म्हणणं ही पुन्हा दिशाभूल होईल. त्याच वेळी उपचार केंद्रं, मेथॅडोनच्या गाड्या, सुया यांवर पैसा ओतला गेला. 2012 च्या काटकसरीत ही यंत्रणा विस्कटली आणि नंतर पोर्तूसारख्या शहरांतून उघड्यावरच्या नशेच्या तक्रारी पुन्हा येऊ लागल्या. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यानं फक्त अर्धं उचललं: 2021 च्या फेब्रुवारीपासून बाळगल्याबद्दल शंभर डॉलरचं चलान, मदतवाहिनीला फोन केला की तेही माफ, उपचारांचा पैसा पोचायला उशीर, आणि त्याच काळात फेंटानिल हा जहाल अफूवर्गीय पदार्थ बाजारात. 1 सप्टेंबर 2024 पासून तिथं बाळगणं पुन्हा गुन्हा झालं. कायदा सैल करून दवाखाना न उघडणं हे कायदा कडक ठेवून दवाखाना न उघडण्याइतकंच निरुपयोगी ठरतं.

राहिला घटनेचा मुद्दा. सत्तेचाळिसावा अनुच्छेद नशाबंदीचा आग्रह धरतो, मग सरकार सुया कशी वाटतं? अनुच्छेद पहिल्या शब्दापासून वाचावा. पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याच्या आद्य कर्तव्यांपैकी असं तो आधी म्हणतो, नशाबंदी त्याच्या पोटात येते, आणि तीही औषधी वापर वगळून. आरोग्य हे साध्य, बंदी हे साधन. साधनानं साध्याचा जीव घेतला तर घटनेचा दाखला बंदीच्या बाजूनं उरत नाही.

या धोरणाच्या बाजूनं बोलणाऱ्यांनीही एक कबूल करायला हवं. भारतातलं हानी कमी करण्याचं काम एचआयव्हीच्या भीतीतून जन्मलं, म्हणून ते इंजेक्शन आणि अफूवर्गापाशी थांबतं. नाकानं ओढल्या जाणाऱ्या एमडीला ओएसटीसारखं बदली औषध नाही. तिथं समुपदेशन, झोप आणि मनाच्या आजारांवर उपचार, घरच्यांची साथ याच वाटा आहेत आणि त्यांच्यासाठी सरकारी व्यवस्था तुटपुंजी आहे. महाराष्ट्रापुरती तरी पुढची मागणी इथं असायला हवी: छाप्यांचे आकडे जसे जाहीर होतात तसे अतिमात्रेच्या मृत्यूंचे आणि उपचारात वर्षभर टिकलेल्यांचे आकडे जिल्हावार जाहीर व्हावेत. आणि तोवर घरात कुणी अडकलेलं असेल तर केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीसाठीचा मोफत क्रमांक 14446 आहे, एचआयव्हीविषयी 1097. अटक झाली असेल तर गुन्हा कबूल करण्याआधी वकिलाला चौसष्ट-अ कलमाबद्दल विचारा.